पांढरे फूल दिसले म्हणजे माका नव्हे!

भाद्रपद जवळ आला की मंडईच्या दाराशी पत्रीच्या जुड्या घेऊन बायका-मुले बसतात. गणपतीच्या एकवीस पत्रींत माका हवा, पुढे पितृपंधरवड्यात श्राद्धालाही माका हवा, आणि केसांच्या तेलासाठी तर तो वर्षभर हवाच असतो. म्हणून माका हे नाव आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. पण घरी येऊन जुडी सोडून बघा. तीत माका असतोच असे नाही. कधी एकदांडी निघते, कधी दुसरेच काही. विचारले तर उत्तर ठरलेले, “पांढरं फूल आहे ना ताई, मग माकाच तो!”

पूजेत एक पान इकडचे तिकडे झाले तर देव रागावत नाही. पण तीच जुडी आपण तेलात उकळतो, वाटून मुलीच्या डोक्याला लावतो. शिवाय त्याच रस्त्याच्या कडेला, तशाच पांढऱ्या बारीक फुलांचे गाजरगवतही उभे असते आणि ते अंगाला लागले तर काय होते हे पुष्कळ घरांनी अनुभवले आहे. म्हणून ही सारखी दिसणारी रोपे वेगळी कशी ओळखायची, ते आज पाहू. त्यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. शाळेतल्या मुलाचे भिंग आणि आपले दोन डोळे पुरतात.

एका फुलात शंभर फुले

माका, एकदांडी, गाजरगवत, सोनकी, सहदेवी ही सारी एकाच घराण्यातली, सूर्यफुलाच्या कुळातली. हे कुळ फार मोठे, जगभरात त्याच्या बत्तीस हजारांच्या आसपास जाती आहेत. आपल्या घरातही त्यांची ये-जा कमी नाही. दाराच्या तोरणातला झेंडू, वेणीतली शेवंती, चटणीचे कारळे, तेलाची करडई, हे सगळे त्यांचेच भाऊबंद.

या घराण्याची खूण अशी की आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक नसतेच. ती फुलांची भरलेली परडी असते. सूर्यफुलाच्या मधली तपकिरी चकती नीट पाहा. तिच्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्वतंत्र फूल. म्हणून तर प्रत्येकाची एक बी होते. भोवतीची पिवळी पाकळीसुद्धा एकटी पाकळी नव्हे, एका फुलाची लांब जिभली आहे. शास्त्रात या परडीला स्तबक म्हणतात. आपण परडीच म्हणू.

ही परडी तीन तऱ्हांनी भरलेली असते. हे लक्षात आले की निम्मे काम झाले.

पहिली तऱ्हा सूर्यफुलाची. मध्ये नळीसारखी बारीक फुले आणि कडेने जिभल्या. माका, एकदांडी, सोनकी, कारळे ही या तऱ्हेची.

दुसऱ्या तऱ्हेत नुसत्या नळ्या, कडेला जिभली मुळीच नाही. त्यामुळे फूल दाढीच्या ब्रशासारखे दिसते. सहदेवी आणि ओसाडी या तऱ्हेच्या.

तिसऱ्या तऱ्हेत नुसत्या जिभल्या, अगदी मध्यापर्यंत. अशा रोपाचे पान तोडले की पांढरा चीक येतो. पाथरीची भाजी करणाऱ्या भगिनींना हा चीक माहीत असेल. पाथरीची पाने जमिनीलगत चक्रासारखी पसरतात आणि तिचे पिवळे फूल याच तऱ्हेचे असते.

रंग शेवटी पाहा

आपली सवय अशी की रोप दिसले की आधी फुलाचा रंग पाहायचा. या कुळात मात्र रंगासारखी फसवी गोष्ट नाही. पांढरी, पिवळी, जांभळी अशा मोजक्या रंगांतच बहुतेक मंडळी वावरतात. म्हणून पुढल्या चार जागा आधी पाहाव्या आणि रंग शेवटी.

एक, पानांची मांडणी. पाने खोडावर समोरासमोर जोडीने आली आहेत की एकाआड एक? ही खूण फूल नसतानाही कामी येते.

दोन, परडीचा देठ. एका लांब देठावर एकच परडी आहे, की फांद्या फुटून घोस झाला आहे?

तीन, परडीची मागची बाजू. फूल उलटे करा. खाली हिरव्या पानोळ्यांची वाटी असते. त्या एका रांगेत आहेत की दोन, सारख्या आहेत की लहानमोठ्या, सुट्या आहेत की जोडलेल्या? झेंडूची वाटी पाहा, सगळ्या पानोळ्या एकमेकींना चिकटून अखंड पेला झालेला असतो. हार करताना सुई त्या पेल्यातूनच जाते.

चार, बी. तिला उडण्यासाठी केसांचा झुपका आहे का, की ती नुसतीच गुळगुळीत आहे?

माझ्या वर्गातल्या मुलींना मी या चार जागा पाठ करायला सांगत नाही. प्रत्येकीच्या हातात एक फूल देते आणि मागे फिरवायला लावते. फुलाला मागची बाजू असते, आणि ती पाहण्यासारखी असते, हेच पुष्कळ मुलींना पहिल्यांदा कळते.

पांढरी तिघे : माका, एकदांडी, गाजरगवत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

माका ओलाव्याचा भुकेला. भाताचा बांध, विहिरीचा काठ, नळाचे सांडपाणी, गटाराची कड, अशा ठिकाणी तो सापडतो. पाने समोरासमोर, लांबट, टोकदार, हाताला खरखरीत आणि जवळजवळ बिनदेठाची. खोड बहुधा तांबूस. परडी शर्टाच्या बारीक बटनाएवढी. तिच्या कडेच्या जिभल्या दोऱ्यासारख्या बारीक आणि पुष्कळ, मधला भागही पांढरट. फूल झडल्यावर हिरवी चपटी टिकली उरते, चिमुकल्या सूर्यफुलाच्या चकतीसारखी. बियांना झुपका नसतो. आणि सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे ताजे पान तळहातावर चोळा. रस आधी हिरवा दिसतो आणि थोड्या वेळाने काळा पडत जातो.

एकदांडी कोरड्यातही सुखाने राहते. पायवाट, भिंतीची भेग, गच्चीवरची रिकामी कुंडी, काही चालते. काही भागांत हिला दगडी पाला किंवा कंबरमोडी म्हणतात. हिचीही पाने समोरासमोरच, पण कडा खोल दातेरी आणि अंगावर लव. हिचे नावच हिची खूण सांगते. वीतभर लांब, उघडा दांडा आणि त्याच्या टोकावर एकच परडी. जिभल्या बहुधा पाचच, दुधी रंगाच्या आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दात. मधला भाग स्वच्छ पिवळा. फूल सुकले की त्याचा पिसांचा गोळा होतो आणि फुंकर मारताच बिया उडतात. मुले तो खेळ आवडीने खेळतात. माक्याला असा पिसांचा गोळा कधीच येत नाही. ही मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, पण आपल्याकडे अशी रुजली की खेड्यात खरचटल्यावर हिचाच पाला चोळून लावतात. किरकोळ खरचटण्याला कुणी लावला तर लावो, पण खोल जखमेवर रस्त्याकडेचा पाला नको. तिथे स्वच्छ पाणी, साबण आणि डॉक्टर हेच खरे.

गाजरगवत हे नावाचेच गवत. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली, म्हणून ते नाव. याला काँग्रेस गवतही म्हणतात. पुण्यात त्याची नोंद १९५५-५६ च्या सुमारास झाली आणि अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे सांगितले जाते. पुढे ते देशभर पसरले. याची पाने खोडावर एकाआड एक येतात, समोरासमोर नाहीत. पानाचे भाग आणि त्या भागांचे पुन्हा भाग, असे दुहेरी कातरलेले. खोडावर उभ्या रेघा. रोप कमरेपर्यंत, कधी त्याहून उंच वाढते आणि वरती फांद्याफांद्यांवर शेकडो परड्यांचा पसारा होतो. प्रत्येक परडी साबुदाण्याच्या दाण्याएवढी आणि पाच कोपऱ्यांवर पाच इवल्या जिभल्या. भिंगातून पाहिले तर पाच कोनांची दिसते.

थोडक्यात, जोडीची खरखरीत पाने आणि रस काळा पडतो तो माका. एक दांडा, एक फूल ती एकदांडी. कातरलेली पाने एकाआड एक आणि फुलांचा पसारा ते गाजरगवत.

फसवते ते लहानपणी

फुलावर आलेले गाजरगवत ओळखणे सोपे. ते फसवते फूल येण्याआधी. तेव्हा ते जमिनीलगत पानांचे चक्र करून बसलेले असते आणि इतके टवटवीत दिसते की कुणालाही वाटावे, काहीतरी चांगले उगवले आहे.

आमच्या शेजारच्या काकूंनी शेवंतीसाठी बाहेरची माती आणून कुंड्या भरल्या. काही दिवसांनी मला हाक मारून म्हणाल्या, “अगं, बघ तरी, शेवंती आपली आपणच कशी आलीय!” कातरलेली पाने, हिरवीगार रोपे. मी पान चुरगळून वास घेतला, तर शेवंतीचा तो ओळखीचा वास नव्हता. शेवंतीच्या पानाचे भाग रुंद आणि जाडसर असतात, हे मात्र पुन्हा पुन्हा कातरलेले होते. “काकू, हे गाजरगवत आहे हो,” म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. कारण रोज संध्याकाळी काका त्याच कुंड्यांशी बसत, आणि पावसाळ्यापासून काकांच्या पापण्या सुजत होत्या, मानेवर आणि कोपराच्या आतल्या बाजूला खाज सुटत होती. साबण बदलून झाला, गोडेतेल लावून झाले. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर चाचणीच्या पट्ट्या लावल्या आणि कारण हेच निघाले. डॉक्टरांनी देवघरातली शेवंतीसुद्धा त्यांना हाताळू दिली नाही. काकूंना तेव्हा फार नवल वाटले. पण एकाच कुळातल्या या मंडळींत सारखीच द्रव्ये असतात, त्यामुळे एकाची वावडी असलेल्या माणसाला दुसऱ्याचीही होऊ शकते.

ही वावडी पहिल्याच दिवशी होते असे नाही. कित्येक महिने, कधी वर्षे संबंध येत राहिल्यावर ती सुरू होते आणि मग सहजी जात नाही. सुकलेल्या रोपाचा भुगा वाऱ्याने उडतो, त्यामुळे हात न लावताही चेहरा आणि मान यांवर उठते. गाईम्हशींनी हे खाल्ले तर दूध कडवट होते. म्हणून घराभोवतीचे गाजरगवत फूल येण्याआधी ओळखणे यालाच महत्त्व आहे. एका रोपाच्या हजारो बिया होतात, फूल आल्यावर मग उशीर झालेला असतो.

उपटायचे तर असे उपटा. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते, तेव्हा मुळासकट निघते. हातमोजे नसतील तर हातावर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा, लांब बाह्यांचे घाला, नाकातोंडावर कापड घ्या. ज्यांना आधीच खाज किंवा दमा आहे त्यांनी या कामात पडू नये. फूल न आलेले रोप खताच्या खड्ड्यात चालते. कुंपणाबाहेर जिथे काहीच लावायचे नाही, तिथे लिटरभर पाण्यात दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ विरघळवून फवारले तर ते जळते, पण बागेच्या मातीत हे करू नका, माती बिघडते. मोकळ्या जागेत टाकळ्याचे बी फेकणे हा आणखी चांगला उपाय. टाकळा दाट वाढतो आणि गाजरगवताला वर येऊ देत नाही. झेंडूची दाट लागवडही तेच काम करते. पावसाळ्यात या रोपांवर पांढुरक्या रंगाचे, तपकिरी रेघांचे छोटे भुंगे पाने खाताना दिसले तर त्यांना मारू नका. मेक्सिकोहून आणलेले हे भुंगे १९८४ साली बंगळूरला मुद्दाम सोडले होते, ते याच तणाचे शत्रू आहेत.

जांभळी दोघी : सहदेवी आणि ओसाडी

या दोघींना कडेच्या जिभल्या नाहीत, दोघींचे फूल ब्रशासारखे, रंग फिकट जांभळा. म्हणून गोंधळ होतो. पण पानांकडे पाहा. सहदेवीची पाने एकाआड एक, ओसाडीची समोरासमोर. सहदेवीची फुले विरळ, एकेक लांबशा देठावर, आणि सुकली की पांढऱ्या केसांचा झुपका सुटतो. ओसाडीच्या परड्या शेंड्याला दाटीने एकत्र येतात, रंग निळसर किंवा पांढरा, अंगावर लव. आणि पान चुरगळले की उग्र वास येतो, तो एकदा घेतला की विसरत नाही.

सहदेवीला घरगुती औषधात मान आहे. म्हणूनच हा फरक महत्त्वाचा, कारण ओसाडीत यकृताला अपाय करणारी द्रव्ये असतात. कुणी सहदेवी म्हणून पाला आणून दिला तर वैद्यांना दाखवल्याशिवाय काढा करू नये आणि मुलांना तर मुळीच देऊ नये.

पिवळी मंडळी : सोनकी, कारळे, कॉसमॉस

गणपती गेले की सह्याद्रीच्या उतारांवर पिवळा गालिचा पसरतो. पाचगणी, महाबळेश्वर, कासचे पठार इकडे सहलीला गेलेल्या भगिनींनी तो पाहिला असेल. कास हे २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक. तिथली ही सोनकी. पण घाट उतरताना शेतात दिसणारा पिवळा पट्टा सोनकीचा नसतो, तो बहुतेक वेळा कारळ्याचा असतो. आणि अलीकडे रस्त्याकडेला केशरी-पिवळी फुले डोलताना दिसतात, तो कॉसमॉस.

सोनकीची पाने एकाआड एक. परडी उलटी केली तर मागच्या पानोळ्या सारख्या लांबीच्या, अरुंद, एकाच रांगेत उभ्या, कुंपणाच्या फळ्यांसारख्या.

कारळ्याची खालची पाने समोरासमोर. परडीमागे पाच रुंद हिरव्या पानोळ्या बाहेरून दिसतात, जणू छोटी पानेच. आणि बी म्हणजे आपल्या डब्यातले काळे, चकचकीत कारळे. त्याला झुपका नाही. ज्या बीची आपण लसूण घालून चटणी वाटतो तिचे फूल पुष्कळ जणींनी पाहिलेलेच नसते. दसऱ्याच्या सुमारास घाटाकडे गेलात तर गाडी थांबवून जरूर बघा.

कॉसमॉसची पाने समोरासमोर आणि कातरलेली. जिभल्या बहुधा आठ, रुंद, टोकाला दातेरी. परडीमागे पानोळ्यांच्या दोन रांगा. बी लांब सुईसारखी, बहुधा टोकाला काटे असलेली, ती कपड्याला चिकटून घरी येते. हा मूळचा मेक्सिकोचा, बागेतून निसटून आता डोंगरउतारांवर पसरतो आहे आणि तिथल्या मूळच्या फुलांची जागा घेतो आहे. हौसेने त्याचे बी डोंगरावर उधळणारे पुष्कळ भेटतात. तसे आपण करू नये. घरच्या कुंडीत तो शोभतो, पठारावर नाही.

माक्याच्या बाबतीत एक शेवटची गोष्ट. हल्ली रोपवाटिकेत जमिनीवर पसरणारा, चकचकीत पानांचा, पिवळ्या फुलांचा वेल मिळतो. त्याला कुणी कुणी पिवळा माका म्हणतात. तो वेडेलिया, अमेरिकेकडचा. त्याचे पान बहुधा तीन भागांत खाच पडलेले असते. खऱ्या पिवळ्या माक्याचे पान लांबट, साधे. वेडेलिया तेलात घालण्यासाठी नव्हे.

घरची फुलांची वही

मोबाइलवर फोटो काढून नाव सांगणारी ॲप आता हाताशी आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा. पण आपण फोटो काढतो तो फुलाच्या तोंडाचा, आणि या कुळात तोंडे सारखीच. म्हणून चार फोटो काढा, समोरून फूल, मागून फूल, खोडावरची पानांची मांडणी आणि पूर्ण रोप. मग उत्तर बरोबर येण्याची शक्यता वाढते. तरीही पोटात जाणाऱ्या गोष्टीसाठी केवळ ॲपवर विसंबू नये.

याहून चांगला गुरू म्हणजे वही. फुलासकट फांदी जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवा, वर पाटा किंवा जाड पुस्तके ठेवा आणि पावसाळ्यात कागद रोज बदला. आठ-दहा दिवसांत फांदी सुकते. ती वहीत चिकटवून खाली तारीख, जागा, पानांची मांडणी आणि बीचे वर्णन लिहा. एक परडी उलटी चिकटवायला विसरू नका. गाजरगवत मात्र वहीत नको, त्याचा फोटोच पुरे.

आणि माका लागतोच तर मंडईच्या जुडीवर अवलंबून का राहावे? ओळख पटलेले एक रोप मुळासकट आणा, गटाराजवळचे नको, स्वच्छ बांधावरचे. मोठ्या कुंडीत लावा, माती ओली ठेवा आणि न्हाणीघराजवळ, जिथे ऊनही येते, तिथे ठेवा. थोड्याच दिवसांत ते पसरते. पुढल्या भाद्रपदात पत्रीला, पंधरवड्याला आणि तेलाला माका घरचा असेल, आणि शेजारणीने विचारले तर पान तळहातावर चोळून तिला दाखवताही येईल.